१९१४ सालचा खोटा पक्षी

१९९७ सालच्या २५ नोव्हेंबरची सकाळ. जागा शहाद्याच्या जवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. नंदुरबार जिल्हा तेव्हा अजून झाला नव्हता (तो झाला १ जुलै १९९८ला), त्यामुळे कागदोपत्री जिल्हा धुळे. तीन अमेरिकन पाहुणे तिथल्या विरळ जंगलात सकाळपासून झाडं न्याहाळत फिरत होते : पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट. साडेआठच्या सुमाराला किंगला एका निष्पर्ण झाडावर एक छोटं घुबड उन्हात बसलेलं दिसलं. पिंगळ्यासारखंच, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. छातीवर गडद तपकिरी पट्टा, पायांवर बोटांपर्यंत पांढरी पिसं, आणि शरीराच्या मानाने जरा जास्तच दणकट चोच आणि नख्या.

हा रानपिंगळा. जगातल्या कुठल्याही पक्षीतज्ज्ञाने तो १८८४ नंतर जिवंत पाहिलेला नव्हता. म्हणजे मधे ११३ वर्षं गेली होती. पुस्तकांत त्याच्या नावापुढे बहुधा 'नामशेष' लिहायचं, एवढंच बाकी होतं.

आता तुम्ही म्हणाल, या आठवड्यात हे पक्ष्यांचं काय काढलंस? मी काही पक्षीनिरीक्षक नाही. माझी दुर्बीण दोन वर्षांपासून कपाटात धूळ खात पडलीये. पण ही गोष्ट वाचायला घेतली ती पक्ष्यासाठी, आणि रात्री दीडपर्यंत जागून वाचली ती डेटासाठी. एका माणसाने रेकॉर्डमधे एक खोटी एन्ट्री घातली, ती कोणी तपासली नाही, आणि तिच्यावर विश्वास ठेवून लोक कित्येक वर्षं भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. आयटीत काम करणाऱ्या कोणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. फरक इतकाच की आपल्याकडे फार तर रिपोर्ट चुकतो.

आधी पिंगळा म्हणजे काय ते सांगतो, कारण पुण्यात वाढलेल्या माझ्या रूममेटला ते माहीत नव्हतं. आमच्या कळंबला (यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणीचं कळंब, उस्मानाबादकडचं नव्हे, हा गोंधळ जन्माचा पुजलेला आहे) संध्याकाळ झाली की कडुनिंबाच्या ढोलीतून एक वीतभर घुबड बाहेर येतं आणि जोडीदारासोबत कचाकचा भांडल्यासारखं ओरडतं. ते साधं पिंगळा. आजी म्हणायची, "पिंगया बोलून राह्यला, झोप आता." पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणारा, कुडमुडं वाजवणारा जो पिंगळा जोशी, त्याचं नावही यावरूनच. त्याला या पाखराची भाषा कळते असं मानतात. थोडक्यात, साधा पिंगळा गावात राहतो, माणसांच्या शेजारी. रानपिंगळा राहतो उष्ण कटिबंधातल्या पानगळीच्या जंगलात, सागाच्या रानात, आणि गावाच्या वाटेला फारसा जात नाही. दिसायला भाऊ, स्वभावाने वेगळे.

आणखी एक गंमत म्हणजे हे घुबड दिवसा शिकार करतं. सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसतं, शेपूट या बाजूने त्या बाजूला झटकतं, आणि खाली सरडा किंवा सापसुरळी दिसली की झडप. उंदीर, छोटे पक्षी, किडेही खातं. पण मुख्य भर सरड्या-सुरळ्यांवर. म्हणून त्या नख्या.

आता इतिहास. १८७२च्या डिसेंबरमधे एफ. आर. ब्लेविट नावाच्या साहेबाने बसना-फुलझर भागात एक पक्षी मारला. हा भाग आज छत्तीसगढच्या महासमुंद जिल्ह्यात येतो. पक्षी पोचला अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे. हो, तोच ह्यूम, ज्याचं नाव आपण शाळेत काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात पाठ केलं. काँग्रेस हे त्याचं नंतरचं काम. त्याआधी त्याला पक्ष्यांचं वेड होतं आणि त्यासाठी तो 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक स्वतः काढायचा. १८७३ साली त्यात त्याने या नव्या घुबडाचं वर्णन छापलं आणि ब्लेविटच्या नावावरून त्याला 'ब्लेविटी' केलं. पुढे १८७७ला व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला खरियारकडे आणखी एक मिळालं. मग पार पश्चिमेला, पश्चिम खानदेशात, जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० ते १८८४ च्या दरम्यान शहादा-तळोद्याच्या परिसरात काही गोळा केले. आणि इथे यादी संपली. एकूण सात नमुने. त्या काळी पक्षी 'पाहणे' म्हणजे गोळी घालणे, हे वेगळं सांगायला नको.

नकाशावर बसन्यापासून शहाद्यापर्यंत दोरा ताणून बघा. आठशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतर होतं, आणि आमचं कळंब त्या दोऱ्याच्या शंभरेक किलोमीटर खाली येतं. म्हणजे पूर्व टोकाला दोन ठिकाणं, पश्चिम टोकाला एक परिसर, आणि मधलं सगळं विदर्भ आणि सातपुडा कोरा. सात बिंदूंवर कोणतं मॉडेल बसवणार? अशा वेळी प्रत्येक बिंदूची किंमत प्रचंड असते. एक जरी चुकीचा निघाला तरी सगळं चित्र बदलतं.

आणि एक चुकीचा होता.

कर्नल रिचर्ड माइनर्त्सहागेन (१८७८-१९६७) हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी, हेरखात्यात काम केलेला, उंचापुरा, आणि गोष्टी सांगण्यात पटाईत. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या आघाडीवर त्याने शत्रूच्या हाती मुद्दाम खोटी कागदपत्रं पडू दिली, ही कथा प्रसिद्ध आहे. त्यातलं किती श्रेय खरंच त्याचं, यावर आता बरीच शंका घेतली जाते. पक्षीशास्त्रात त्याचा दबदबा मोठा. १९५४ साली त्याने आपला जवळजवळ वीस हजार पक्ष्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. त्या संग्रहात एक रानपिंगळा होता, आणि त्याच्या पायाला बांधलेल्या लेबलावर लिहिलं होतं : मांडवी, तापी नदी, १९१४.

म्हणजे गुजरातमधलं मांडवी, सुरतच्या वरच्या बाजूला. या एका लेबलाने दोन गोष्टी केल्या. एक, पक्षी १८८४ला नाही तर १९१४ला शेवटचा दिसला, असं झालं; म्हणजे तीस वर्षं पुढे. दोन, शोधायची सगळ्यात ताजी जागा मांडवी ठरली. आपणही हेच केलं असतं. लॉगमधे शेवटची एन्ट्री जिथली, तिथून डीबगिंग सुरू करायचं.

सत्तरच्या दशकात डिलन रिप्ले आणि सालिम अली या दोन दिग्गजांनी रानपिंगळा शोधायचा प्रयत्न केला. मिळाला नाही. इतरांनीही अधूनमधून शोधला. कुणी साध्या पिंगळ्यालाच रानपिंगळा समजून आनंद मानला आणि मग खजील झालं. माझं मत विचाराल तर दोष फक्त त्या लेबलाचा नव्हता. घुबड म्हणजे रात्रीचं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि हे घुबड सकाळच्या उन्हात बसणारं. पण जागा चुकवली ती लेबलानेच.

रासमुसेनबाई या गोष्टीत आल्या त्या मागच्या दाराने. १९९२ पासून त्या स्मिथसोनियनमधे रिप्लेंसाठी दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरच्या एका मोठ्या पुस्तकावर काम करत होत्या (ते २००५ला निघालं, दोन खंडांत). काम म्हणजे संग्रहालयातले नमुने एकेक करून तपासायचे, कुठला पक्षी कुठे मिळाला त्याची यादी करायची. एका अर्थी डेटा क्लीनिंगच. ते करताना माइनर्त्सहागेनच्या नोंदी कुठे जुळेनात. त्याआधी १९९३ साली अ‍ॅलन नॉक्स या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने एका वेगळ्या पक्ष्याच्या निमित्ताने त्याचे नमुने तपासून दाखवलं होतं की लेबलं विश्वासार्ह नाहीत. खरं तर कुजबुज फार जुनी होती. १९१९ साली म्युझियमने त्याला पक्ष्यांच्या दालनात यायला दीड वर्ष बंदी घातली होती! पण माणूस वजनदार, संग्रह मोठा, आणि तोंडावर 'चोर' कोण म्हणणार? त्यामुळे प्रकरण दबून राहिलं. आपल्याकडच्या ऑफिसांत काय वेगळं चालतं?

आता रानपिंगळ्याच्या नमुन्याची तपासणी कशी झाली, हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण इथे आमच्या यवतमाळचं पांढरं सोनं आडून येतं. कापूस हो! पक्ष्याचा नमुना म्हणजे कातडं सोलून, आतलं मांस काढून, त्यात कापूस भरून शिवलेलं. हे भरण्याची प्रत्येकाची एक पद्धत असते. कापूस किती, कसा दाबला, पंखाच्या सांध्यात कुठे कोंबला, टाका कसा घातला... आईच्या पुरणपोळीला मुरड घालायची पद्धत जशी शेजारणीपेक्षा वेगळी असते, तसंच. जाणकार माणूस लेबल न वाचता सांगतो, हे अमक्याच्या हातचं. माइनर्त्सहागेनच्या रानपिंगळ्यात नवा कापूस भरला होता, टाके नवे होते. पण एक्स-रे काढून आणि बारकाईने उलगडून पाहिल्यावर जुन्या भरणीच्या खुणा आत सापडल्या. आणि त्या खुणा होत्या डेव्हिडसनच्या पद्धतीच्या. कापसाच्या धाग्यांची तपासणी तर थेट एफबीआयच्या प्रयोगशाळेकडे गेली. डेव्हिडसनचे जे नमुने म्युझियमच्या संग्रहात होते, त्यातला एक जागेवर नव्हता.

म्हणजे झालं असं : साहेबांनी म्युझियममधून डेव्हिडसनचा खानदेशी रानपिंगळा उचलला, टाके उसवून कापूस बदलला, पुन्हा शिवला, स्वतःचं लेबल बांधलं, आणि काही वर्षांनी तोच म्युझियमला देणगी म्हणून परत केला. वर आभारही घेतले असणार. १९९९ साली रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सगळं 'आयबिस' या नियतकालिकात छापलं. पुढे असे त्याचे कितीतरी नमुने खोटे निघाले. २००७ साली ब्रायन गारफिल्डने त्याच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं, त्यात पक्षी हा त्याच्या थापांचा एक छोटा कोपराच आहे असं दिसतं.

का केलं असेल? पैशाला कमी नव्हती. मला वाटतं, नाव हवं होतं. 'मलाही मिळाला' म्हणायचं होतं. बाकी मानसशास्त्र मला कळत नाही.

तर, १९९७कडे परत. ती १९१४ची एन्ट्री बाद केल्यावर रासमुसेन आणि मंडळींकडे उरल्या फक्त जुन्या, खऱ्या नोंदी. म्हणून ते मांडवीला गेलेच नाहीत. आधी पूर्वेकडे, जिथे ब्लेविट आणि बॉलला मिळाला होता तिकडे गेले. काही नाही. मग पश्चिमेला, डेव्हिडसनच्या शहाद्याला आले. आणि तिथे तो होता. जिथे १८८४च्या लेबलांनी सांगितलं होतं, तिथेच. म्हणजे खऱ्या नोंदी लंडनच्या कपाटात शंभर वर्षं बिनबोभाट पडून होत्या, फक्त त्यांच्यावर एक खोटी चढून बसली होती.

'शोध लागला' हा शब्द वापरताना मला जरा अडखळायला होतं. त्या जंगलात भिल्ल आणि पावरा लोक राहतात, मेळघाटात कोरकू राहतात. सकाळी साडेआठला उघड्या फांदीवर बसणारं घुबड त्यांना शंभर वर्षांत एकदाही दिसलं नसेल? दिसलं असेलच, रोज दिसलं असेल. ते हरवलं होतं ते आमच्यासाठी, पुस्तकांसाठी.

पण पुस्तकातलं हरवणं हे साधं हरवणं नसतं, आणि इथे मला खरंच वाईट वाटतं. सरदार सरोवरामुळे विस्थापित होणाऱ्या लोकांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याची वनजमीन मोकळी केली गेली. १९९० साली २७०० हेक्टर आणि १९९४ साली आणखी १५००. मिळून ४२०० हेक्टर. हा तोच परिसर, डेव्हिडसनचा. त्या विस्थापितांना जमीन मिळायलाच हवी होती, त्यांची गावं पाण्याखाली गेली ती काही त्यांच्या हौसेने नाही. त्यांच्याकडे बोट दाखवायचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. पण ज्या वर्षांत फायलींवर सह्या झाल्या, त्या वर्षांत या जंगलात रानपिंगळा आहे हे कुठल्याच फायलीत नव्हतं. असणार कसं? तो १९१४ला, गुजरातेत, शेवटचा दिसला होता ना! त्यानंतर तीन वर्षांनी तो तिथेच, उरलेल्या जंगलात सापडला. आधी सापडला असता तर सही थांबली असती का? मला तसं वाटत नाही. पण निदान कोणीतरी प्रश्न विचारला असता, दुसरी जमीन बघा म्हटलं असतं.

सापडल्यावर मात्र काम झपाट्याने झालं, हे सांगायलाच हवं. बीएनएचएसच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी जून १९९८ ते जून २००० मधे जुन्या क्षेत्रातली १४ जंगलं पिंजून काढली. चार ठिकाणी मिळून २५ पक्षी सापडले, सगळे उत्तर महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशाच्या नैर्ऋत्य भागात. तोरणमाळ, मग आमच्या वऱ्हाडातलं मेळघाट. मेळघाटात पुढे गिरीश जठार, राजू कसंबे आणि इतरांनी बराच अभ्यास केला. घरटं झाडाच्या ढोलीत, मादी अंड्यांवर बसते आणि नर शिकार आणून देतो. ढोली हवी म्हणजे झाड म्हातारं हवं, आणि म्हातारं झाड म्हणजे लाकूडतोड्याच्या नजरेत आधी भरणारं झाड. सागाचं एकसारखं लावलेलं रान बाहेरून हिरवंगार दिसतं, पण त्यात ढोली मिळणं कठीण. आमच्या यवतमाळकडे साग पुष्कळ आहे, म्हणून हे वाक्य लिहिताना जरा थांबलो.

मग ऑक्टोबर २०१४ मधे तो तानसाच्या अभयारण्यात दिसला, ठाणे जिल्ह्यात. तानसा म्हणजे ज्या तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबई पितेय तो. सातपुड्यापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या बाजूला, तिथे कोणी त्याची अपेक्षाच केली नव्हती. त्याच सुमाराला गुजरातमधे डांगच्या पूर्णा अभयारण्यातही तो नोंदला गेला. म्हणजे गंमत बघा, साहेबांचं लेबल खोटंच होतं, पण गुजरातेत पक्षी खरंच निघाला! (यावरून कोणी साहेबांना माफ करू नये. रँडम उत्तर बरोबर आलं तर कोड बरोबर होत नाही.)

२०१८ साली दोन गोष्टी झाल्या. आययूसीएनने त्याला 'अतिसंकटग्रस्त' वरून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' मधे आणलं. पक्षी वाढले म्हणून नाही, शोधणारे वाढले आणि नवी ठिकाणं सापडली म्हणून. अंदाज अजूनही २५० ते ९९९ प्रौढ पक्ष्यांचाच आहे. माझ्या कंपनीच्या एका मजल्यावर याहून जास्त माणसं बसतात. दुसरं, पंकज कोपर्डे आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासून दाखवलं की हा पक्षी साध्या पिंगळ्याच्याच कुळातला, म्हणजे 'अथीनी' गटातला आहे. ह्यूमने १८७३ला त्याच्यासाठी 'हेटरोग्लॉक्स' हे वेगळं कूळ केलं होतं, त्यावर शंभर वर्षं वाद चालू होता. म्हणजे आजीचा पिंगया आणि सातपुड्यातला हा, खरोखरच भाऊबंद.

ह्यूमचं काय झालं, ते राहिलं. भारतातल्या सगळ्या पक्ष्यांवर एक प्रचंड ग्रंथ लिहायचा त्याचा बेत होता, वर्षानुवर्षं टिपणं काढली होती. सिमल्याच्या बंगल्यात ती ठेवलेली असताना एका नोकराने ती बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. ह्यूमचं मनच उडालं. १८८५ला त्याने आपला सगळा संग्रह, ऐंशी हजारांच्या वर नमुने आणि अंडी, ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि पक्ष्यांकडे पाठ फिरवली. बॅकअप नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं.

या संग्रहाबरोबरच फुलझरचा तो पहिला रानपिंगळाही लंडनला गेला. त्याच्या पायाचं लेबल मात्र खरं आहे.